कोरी पट्टी

आमच्या घरमालकांना वास येत नसे, आणि ते घरी यूडीकोलन बनवत. एकाच माणसात या दोन गोष्टी कशा, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण त्यांनीच ते सांगितलं. मुकुंदवाडीतल्या त्या गल्लीला मात्र कधी कळलं नाही. गल्लीचं मत असं, की काका शिष्ट आहेत, कुणात मिसळत नाहीत, आणि रिटायर झाल्यापासून त्यांच्या डोक्यावर थोडा परिणाम झालाय.

मी तेव्हा वाळूजला एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगवर सुपरवायझर होतो. पहाटे साडेचारला उठायचं, पावणेसहाची कंपनीची बस धरायची, दिवसभर गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात नीट बसल्या की नाही ते बघायचं, आणि अख्खं शहर ओलांडून संध्याकाळी पाचला परत यायचं. बायको देवगाव रंगारीला शिक्षिका, मुलगा तिच्याजवळ. आठवड्यातून एक दिवस मी नवरा आणि बाप असे. उरलेले सहा दिवस मी फक्त दमलेला माणूस होतो. हे आधीच सांगून ठेवतो, सबब म्हणून नव्हे. म्हणजे, थोडी सबब म्हणूनही.

खोली बघायला गेलो त्या दिवशी माझ्या आधी तिघंजण येऊन गेले होते. काकांनी प्रत्येकाला एकच विचारलं होतं, "खोली कशी वाटली?" छान आहे, हवेशीर आहे, असं तिघांनीही सांगितलेलं. दिवसभर खोल्या शोधून माझे पाय दुखत होते. मी म्हणालो, "खोली बरी आहे, पण इथं कुठंतरी उंदीर मेलाय."

काकांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "कधी येतोस राहायला?"

"दोन दिवस झाले मी तेच सांगतेय," काकू आतून म्हणाल्या. "माळ्यावर उंदीर मेलाय म्हणून. तर म्हणे तुला भास होतोय."

"तू घरची," काका म्हणाले. "घरच्या माणसाचं नाक हिशेबात धरत नसतेत."

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, प्लेटिंगच्या खात्यात, क्रोमच्या टाकीवर त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. लोखंडाचे तुकडे टाकीत सोडायचे, चकचकीत करून बाहेर काढायचे. त्या वाफेनं नाक हळूहळू गेलं. कधी गेलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. एका उन्हाळ्यात आंबा नाकाशी धरला आणि हातात बटाटा असल्यासारखं वाटलं, तेव्हा लक्षात आलं. "टाकीनं खाल्लं," एवढंच म्हणत. पुन्हा आंब्याचं नाव त्यांनी माझ्यासमोर काढलं नाही.

पण नाक गेलं याचं दुःख त्यांना फारसं नव्हतं. त्यांची भीती निराळीच होती. आपल्या अंगाला अजून टाकीचा वास येतो, आपल्याला तो कळत नाही, आणि लोक तोंडावर सांगत नाहीत, असं त्यांना वाटे. "वास ज्याचा त्याला नाय कळत," ते म्हणत. "तो राहायला दुसऱ्याच्या नाकात असतो."

ही भीती कुठून आली ते काकूंनी एकदा मला सांगितलं. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी, कुठल्यातरी रागात, त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "टाकीचा वास येतो अंगाला, लांब व्हा." "तेव्हा येतबी व्हता," काकू म्हणाल्या. "नाय कशाला म्हणू? पण रिटायर झाल्यावर सहा महिन्यांत गेला. शंभरदा सांगितलं असंल मी. हा माणूस ते एकच वाक्य धरून बसलाय. बाकी मी आयुष्यभर जे बोलले ते सगळं वाऱ्यावर."

त्या एका वाक्यानं काकांची सगळी चालच ठरवून टाकली होती. कुठंही गेले की ते आधी पंखा बघत. वारा कुणीकडून कुणीकडं जातो ते हेरून स्वतः अशा जागी उभे राहत, की समोरच्याचा वारा त्यांच्याकडं यावा, त्यांचा समोरच्याकडं जाऊ नये. पहिल्यांदा बोलताना ते माझ्याभोवती असे फिरत राहिले, की मला वाटलं यांना ऐकू कमी येत असावं. एसटीत मागचं सीट रिकामं नसलं तर ते पुढची गाडी धरत. दिवसातून तीन आंघोळी, कपडे स्वतः धुणार, बाकीच्यांच्या कपड्यांत मिसळू देणार नाहीत. लग्नात ते मांडवाच्या तोंडाशी, चपला काढतात तिथं खुर्ची टाकून बसत. एकदा एका पाहुण्यानं त्यांना राखणीला बसलेला माणूस समजून, "बाबा, माझ्या नव्या आहेत, बघा जरा," असं सांगितलं. जेवणाची शेवटची पंगत उठेपर्यंत काकांनी त्या चपला सांभाळल्या. हे त्यांनीच मला हसत सांगितलं. मीही हसलो होतो.

यूडीकोलन या भीतीतूनच आलं. त्यांच्या खात्यात एक म्हातारा फोरमन होता. शिफ्ट सुटली की तो कपाटातून बाटली काढून मानेला, मनगटाला, कोपरापर्यंत हातांना यूडीकोलन लावी. सगळ्या खात्यात घरी जाताना टाकीचा वास न येणारा तो एकच माणूस, असं काका सांगत. तेव्हा त्यांचं नाक शाबूत होतं. दुकानात मिळतं ते त्यांनी आणून पाहिलं होतं, पण त्यात काय घातलंय ते कळत नाही, आणि न कळणारी वस्तू अंगाला लावायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून घरी बनवायचं. संत्र्याच्या सालीचं तेल, लिंबाचं, लव्हेंडर, रोझमेरी, थोडा खस, थोडी लवंग, आणि बिनवासाचं स्पिरिट. ते बिनवासाचं आहे की नाही, हेही मलाच विचारायचे.

तेलं ते शहागंजमधल्या एका अत्तराच्या दुकानातून आणत. दोनदा मला नाक म्हणून सोबत नेलं. दुकानदार म्हातारा होता, दाढी मेंदीनं रंगवलेली. माझ्या हाताच्या पाठीवर एकेक थेंब ओढत म्हणाला, "चाचा, इत्तर लगाव ना. एक फाया कान में रख्या तो जुम्मे से जुम्मे तक चलता. ये पानी बना के क्या करते तुम? घंटे में उड़ जाता."

"उडायलाच पाहिजे," काका म्हणाले. "अत्तर झाकतं, भाई. मला झाकायचं नाय. धुवायचंय."

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. तेव्हाच माझा कंटाळा सुरू झाला होता की काय, कोण जाणे.

बनवण्याची त्यांची पद्धत कारखान्यातली होती. पिचकारीनं तेल मोजायचं, वहीत लिहायचं, बाटलीला बूच लावायचं. प्लास्टिकचं झाकण नको, ते तेल पितं, असं त्यांचं म्हणणं. मग चाळीस दिवस थंडाव्यात आणि अंधारात मुरवायचं. आमच्याकडं उन्हाळ्यात थंडावा आणि अंधार एकत्र मिळण्याची एकच जागा होती, स्वयंपाकघरातली गव्हाची पत्र्याची कोठी. वर्षाचे गहू तिच्यात भरलेले. त्या गव्हात कोपरापर्यंत हात घालून ते बाटली आडवी पुरत, आणि रोज संध्याकाळी बाहेर काढून, हलवून पुन्हा पुरत.

हलवून झालं की मला हाक. वास घ्यायच्या पट्ट्या ते लग्नपत्रिका कापून करत, कारण तो कागद जाड असतो आणि घरात पडून असतो. पट्टीच्या एका टोकावर कुणाचं तरी 'चि.' किंवा 'सौ.कां.' राहिलेलं असे. दुसरं टोक बाटलीत बुडवून ते माझ्या हातात देत आणि पेन्सिल घेऊन बसत.

सुरुवातीचे महिने मी मन लावून वास घेतला, हे मला माझ्याबद्दल सांगायचंय. "आधी संत्र्याची साल, ताजी. मग वहीच्या नव्या पानासारखं. शेवटी दाताच्या डॉक्टरकडं असतं तसं." "म्हणजे लवंग जास्त झाली," ते म्हणत आणि लिहीत. मी बोलत असताना त्यांचा चेहरा असा होई, की जणू मी त्यांना परगावच्या माणसाचं पत्र वाचून दाखवतोय. त्या वेळी मला ते आवडतही असे.

याच दिवसांत त्यांनी मला कोऱ्या तुकड्याची गोष्ट सांगितली. खात्यात तयार माल तपासायला एक माणूस असे. दिवसभर चकचकीत तुकडे बघून त्याची नजर बसायची आणि तो न बघताच पास करायचा. म्हणून काका अधूनमधून मालात मुद्दाम एक कोरा तुकडा टाकत, टाकीत न बुडवलेला. "तो परत आला तर माणूस जागा हाय. पास झाला तर त्या दिवसाचा सगळाच माल पुन्हा बघायचा." मला ही युक्ती फार आवडली होती. मी ती वाळूजला जाऊन आमच्या लाइनवर सांगितलीसुद्धा.

पुढं आमच्या कारखान्यात माणसं कमी झाली आणि कामं तेवढीच राहिली. मी घरी यायचो तो कपडे न बदलता पडायचो. साडेपाचला हाक यायची. माझ्या एका शब्दावर वीस प्रश्न निघत. खारट म्हणजे कसं? घामासारखं की समुद्रासारखं? किती वेळानं? मला त्यांचा कंटाळा यायचा, आणि असा कंटाळा येतो याची लाजही वाटायची. यातून सुटायचा एक सोपा मार्ग मला सापडला. पट्टी नाकापाशी न्यायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "छान आहे, काका." छान या शब्दावर त्यांच्याकडं प्रश्न नव्हता. पाच मिनिटांत मी परत खाटेवर असे.

त्याच सुमाराला त्यांची लेक पैठणला बाळंत झाली. पहिलटकरीण, खरं म्हणजे माहेरी यायची. तिची यायची इच्छाही होती. काकांनीच येऊ दिलं नाही. उन्हाळा, पाण्याचा त्रास, टँकरची वाट बघायची, आठ दिवसांनी नळाला पाणी, असली कारणं सांगितली आणि काकूंना तिकडं पाठवलं. जायच्या दिवशी काकू दारात रिक्षाची वाट बघत होत्या. "लेकराला यांचा वास लागंल म्हणे," त्या मला म्हणाल्या. "तुला येतो का रे वास?"

"नाही हो काकू."

"मग सांग ना त्यांना. तुझं ऐकतेत."

मी सांगितलं. त्याच संध्याकाळी सांगितलं. काका म्हणाले, "आत्ता नसंल. बारशापर्यंत ही बाटली मुरू दे. ती लावून तुझ्यासमोर उभा राहीन. तू म्हणलास तर लेकराला मांडीवर घेईन." मुलगी झाली होती. फोनमधला तिचा फोटो ते हात लांब करून बघत, तिथंही थोडं अंतर ठेवून.

बारशाला दोन आठवडे असताना गव्हाचं प्रकरण झालं. सुट्टीचा दिवस होता, पण मी गावी गेलो नव्हतो, जादा ड्यूटी करून आलो होतो. गल्लीत शिरलो तर आमच्या दारात समोरच्या वहिनी पिठाची परात घेऊन उभ्या, आणि त्यांच्या मागं गिरणीवाला.

"काका, तुमच्या गव्हात काय व्हतं?" वहिनी विचारत होत्या. "तुमच्यानंतर माझं दळण पडलं गिरणीत. आज ते पीठ काढून पोळ्या केल्या तर ह्यांनी ताटावरून उठून विचारलं, पावडर सांडली का पिठात?"

"माझ्या गिरणीत चार दिवसांपासनं मोसंबीचा वास मारतोय," गिरणीवाला म्हणाला. "लोकं विचारायलेत, गिरणी बंद करून ज्यूस सेंटर टाकलं का?"

बाटलीचं बूच गव्हाच्या कोरडेपणानं आकसलं होतं. आडवी बाटली थेंब थेंब गळत राहिली आणि वरचे पायलीभर गहू तेल पिऊन बसले. बाटलीतलं कमी झालेलं काकांना दिसलं होतं, पण त्यांना वाटलं मुरतंय. त्यातलेच गहू त्यांनी काकू नसताना स्वतः दळून आणले होते, आणि चार दिवस त्याच्याच पोळ्या लाटून खाल्ल्या होत्या.

"असं कसं कळलं नाय तुम्हाला?" वहिनी आत डोकावून म्हणाल्या. "अख्खं घर दरवळतंय. वास येत नाय का?"

काका वारा आपल्याकडून वहिनींकडं जाणार नाही अशा बेतानं दाराच्या कोपऱ्यात उभे होते. "सर्दी झालीय," ते म्हणाले.

"अन् हे रोज तिथं येऊन बसतात ना?" वहिनींनी माझ्याकडं हात केला. "यांनाबी सर्दी?"

मला कळलं नव्हतं असं नाही. खरं तेच सांगतो. आठ-दहा दिवस त्या स्वयंपाकघरात शिरलं की वासाचा भपकारा येत होता. पण तो बोलून दाखवला असता तर कुठून येतो, कधीपासून, संत्र्याचा की लिंबाचा, यात तासभर गेला असता. म्हणून मी गप्प बसलो होतो. वहिनींसमोरही गप्पच बसलो. काकांनी त्यांना चांगल्या गव्हातले दोन डबे भरून दिले, गिरणीवाल्याची माफी मागितली आणि दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी साडेपाचला हाक आली नाही. सहाला मीच गेलो. काका जमिनीवर बसून वरचे गहू सुपात काढत होते. "काका, चुकलं माझं," मी म्हणालो. त्यांनी हात पुसले आणि वही उघडून माझ्यासमोर सरकवली. प्रत्येक संध्याकाळची एक ओळ, समोर माझे शब्द. सुरुवातीच्या पानांवर ओळीच्या ओळी, पुढं नुसतं 'छान', 'छान', 'छान'. शेवटच्या महिन्यातल्या तीन 'छान'भोवती पेन्सिलीनं गोल केला होता.

"हे गोल कशाचे?"

"त्या दिवशी पट्टी पाण्यात बुडवली व्हती," काका म्हणाले. "नळाच्या."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त दमलेले दिसत होते, कामावरून आल्यावर मी दिसतो तसे. मी त्यांच्यासोबत बसून गहू निवडू लागलो. वासाचे आणि बिनवासाचे गहू दिसायला सारखेच, त्यामुळं ते कामही माझ्या नाकाचंच होतं. मी मूठ मूठ उचलून हुंगत होतो, एक इकडं, एक तिकडं. मी बाजूला केलेली प्रत्येक मूठ त्यांनी नंतर सगळीच्या सगळी फेकून दिली, दोन्ही ढिगांतली.

त्यानंतर त्यांनी मला हाक मारली नाही. रोज संध्याकाळी मला हवी होती तशी झोप मिळू लागली, आणि साडेपाचला मी आपोआप जागा होऊ लागलो.

बारशाला त्यांनी मला पैठणला नेलं, कारण काकूंनी फोन करून बजावलं होतं. एसटीत आम्ही मागच्या सीटवर बसलो. त्यांनी तीनदा आंघोळ केली होती, धुतलेला पांढरा शर्ट घातला होता, यूडीकोलन लावलं नव्हतं. बाटलीच उरली नव्हती. लेकीच्या सासरी छोटा हॉल घेतला होता. शिरल्या शिरल्या त्यांनी वर बघितलं, दारावरचा पंखा एका पोराला सांगून बंद करवला, आणि चपलांजवळ खुर्ची घेतली. पाळणा हलला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. आतून दोनदा बोलावणं आलं, दोन्ही वेळा ते "येतो" म्हणाले.

शेवटी लेकच बाळाला घेऊन दाराशी आली, मागं काकू. "बाबा, घ्या ना हिला. जन्मल्यापासनं वाट बघतीय."

काकांनी हात पुढं केले नाहीत. सवयीनं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी वाकलो आणि त्यांच्या मानेपाशी नाक नेऊन खरोखर वास घेतला. पूर्वी घ्यायचो तसा, सावकाश. लोक बघत होते. "काका," मी म्हणालो, "आधी साबण. मग उन्हात वाळलेला शर्ट. मग एसटीचं थोडं डिझेल. बाकी काही नाही. टाकीचा वास नाही. अजिबात नाही. घ्या तिला."

ते लक्ष देऊन ऐकत होते. त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडं गेला, जिथं पूर्वी पेन्सिल असे. चेहऱ्यावर तो जुना, पत्र ऐकतानाचा भाव आला, आणि क्षणभर मला वाटलं, जमलं. काकूंनाही तसंच वाटलं असावं, त्या पुढं सरकल्या.

"पाण्यालाबी तू छान म्हणला व्हतास," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, बसची वेळ सांगावी तसं बोलले.

मग त्यांनी एका बोटानं दुपट्यावरून बाळाच्या पायाला हात लावला आणि खुर्ची मागं सरकवली. "आत ने तिला," ते लेकीला म्हणाले. "इथं दाराशी वारा लागतोय."

पंखा बंद होता.